चादरीचं दुसरं टोक

भादव्यात चादर वाळत नाही. सकाळी दोरीवर टाकलेली चादर दुपारी हाताला कोरडी लागते, म्हणून काढून आणावी, तर संध्याकाळी कपाट उघडलं की ओलसर वास. जबलपूरचा हा महिना असाच दुतोंडी. ऊन असं की टाळू तापावी, आणि तासाभरात आभाळ गोळा होऊन रस्त्यावरच्या भुट्टेवाल्यांची पळापळ. नर्मदा अजून चहाच्या रंगाची असते. मदन महालच्या टेकडीवरचे काळे धोंडे शेवाळानं निसरडे झालेले असतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी चढते, आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू पुरायला सुरुवात होते. मी शाळेत भूगोल शिकवत असे. परतीच्या मोसमी वाऱ्यांचे बाण नकाशावर कुठून कुठे काढायचे ते मला अजून तोंडपाठ आहे. ते वारे आले की मला काय होतं, हे मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

चादरीचं सांगत होते. एकटीनं चादरीची घडी घालणं ही एक कला आहे आणि ती कुणावर शिकायची वेळ येऊ नये. मी दोन कोपरे खिडकीच्या गजांत खोचते, उरलेले दोन हातात घेऊन मागे सरते, ताणते, झटकते. निम्म्या वेळा गजातला कोपरा सुटतो आणि धुतलेली चादर फरशी पुसून काढते. मग हनुवटीखाली धरून बघते. आईचा नियम होता, चादरीची घडी दोघींनीच घालायची. "एकटीनं घातली की तिरपी जाते," असं म्हणून ती ताईला आणि मला गच्चीवर पिटाळायची. आता माझ्या कपाटातल्या सगळ्या चादरी तिरप्या आहेत. कपाट उघडून बघणारं कोणी नाही, त्यामुळे चालून जातं.

हे सगळं डोक्यात घोळायला निमित्त झालं एका सिनेमाचं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी घरात बसवेना, म्हणून मॉलमध्ये गेले. वर सिनेमाच्या पाट्यांमध्ये एक टोपीवाला, बंदूकवाला दिसला. काउबॉयचा सिनेमा, हिंदीत डब केलेला. असले सिनेमे हल्ली येत नाहीत आणि आले तरी माझ्या वयाच्या बाया बघायला जात नाहीत. तिकीट देणाऱ्या मुलीनं माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं आणि विचारलं, "आंटीजी, एक ही?" मी म्हटलं, "एक ही." निवृत्त झाल्यापासून हे दोन शब्द मी हॉटेलात, बसमध्ये, दवाखान्यात इतक्यांदा म्हटलेत की आता विचारायच्या आधीच तोंडातून निघतात.

सिनेमा सूडाचा होता. करड्या कोटातला एक माणूस आपल्या भावाच्या मारेकऱ्याला नऊ वर्षं शोधतो आहे, एवढीच गोष्ट. रंग सगळे मुद्दाम चढवलेले. जमीन शेंदरी, आभाळ हिरवट, रक्त कुंकवासारखं. जो तो मरताना घाई म्हणून करत नव्हता; एक जण तर गोळी लागल्यावर आधी टोपी नीट ठेवून मग पडला. शेवटी करड्या कोटाला तो मारेकरी सापडतो, तेव्हा तो म्हातारा झालेला असतो. ओसाड रेल्वे स्टेशनच्या मागे एकटा राहतो आणि कुठल्याशा खाणावळीच्या चादरी धुतो. मैदानभर दोऱ्या, दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, आणि चादरींच्या खाली फक्त दोघांचे बूट दिसतात. एक जोडी इकडून, एक तिकडून. तेवढ्यात आभाळ येतं. म्हातारा म्हणतो, "पहले चादरें उतार लूँ. फिर जो करना हो, कर लेना."

आणि करडा कोट पिस्तूल कमरेला खोचतो आणि चादरीचं दुसरं टोक धरतो. थेटरात जी चारदोन माणसं होती, त्यात पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं हसली. मी हसले नाही. दोघं चादर झटकतात, एकमेकांकडे चालत येतात, हाताला हात लागतो, कोपरे दिले जातात, परत मागे. अशा सात-आठ चादरी होतात. शेवटच्या चादरीला दोघं जवळ आले असताना गोळीचा आवाज. म्हातारा घड्यांच्या चळतीवर पडतो. सूड झाला. पण दोरीवर एक चादर राहिलेली असते. करडा कोट ती काढतो, दोन्ही हात पसरून घडी घालू बघतो, आणि ती त्याला येत नाही. शेंदरी मातीत चादर लोळत राहते, तो परत परत उचलत राहतो, पाऊस सुरू होतो, आणि दिवे लागतात.

पोरं निघून गेली. झाडूवाला भैया "आंटीजी, शो खत्म" म्हणाला तेव्हा मी उठले. मला रडू आलं होतं आणि ते त्या दोघांसाठी नव्हतं.

काउबॉयच्या सिनेमाचं वेड आमच्या घरी बाबांनी आणलं. बाबा इथल्या तोफांच्या कारखान्यात होते. जन्मभर तोफांचे सुटे भाग तपासले, पण घरी उंदीर निघाला तर आईला हाक मारायचे. रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागत. बाबा ताईला आणि मला दोन्ही बाजूंना बसवून ते दाखवत. तिघांपैकी एकालाही धड इंग्रजी येत नव्हतं. ताई विचारायची, "बाबा, हा त्याला काहून मारून राहिला?" बाबा पडद्यावरची नजर न काढता सांगायचे, "त्यानं याच्या घरच्याला मारलं असन." हे उत्तर एकदाही चुकलं नाही. परत येताना आम्ही दोघी मदन महालच्या धोंड्यांवर चढून दबा धरून बसायचो. शाळेत पुढे मी खडकांचे प्रकार शिकवले, ग्रॅनाइट शिकवला, पण माझ्या मनात त्या धोंड्यांचं काम एकच आहे. त्यांच्यामागे लपून ताईवर नेम धरायचा.

मी नववीत होते आणि ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, त्या भादव्यात तिच्या डोक्यानं घेतलं की मंडळाच्या गणपतीत आपण काउबॉयचं नाटक करायचं. आमचं मंडळ म्हणजे जबलपुरातल्या चाळीसेक मराठी घरांचा गोतावळा. वर्षभर सगळे हिंदीत व्यवहार करायचे आणि दहा दिवस मराठीत भांडायचे. मुलामुलींच्या नाटकात दरवर्षी शिवाजी महाराज ठरलेले. मंडळाचे अध्यक्ष नाना, शिस्तीचे. घड्याळ मनगटावर नाही तर हातात धरून बसायचे. ते म्हणाले, "मुली बंदुका घेऊन नाचणार? आपल्या संस्कृतीत बसते का हे?" ताई म्हणाली, "नाना, महिषासुराला कोणी मारलं?" ताईपुढे नाना काय, कुणाचंच चालत नसे.

हॅट पुठ्ठ्याच्या केल्या आणि बूटपॉलिशनं काळ्या रंगवल्या. भादव्यातल्या घामानं ते पॉलिश आमच्या कपाळांवर उतरलं आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत सगळे काउबॉय कोळसेवाले दिसू लागले. बाबांच्या खाकी पँटी कमरेला नाडीनं आवळल्या. घोड्यांच्या टापांसाठी प्रसादाच्या नारळांच्या करवंट्या होत्याच. टिकल्या फोडायचं पिस्तूल मागल्या दिवाळीचं, टिकल्या दमटलेल्या, म्हणून बाबा पडद्यामागे फळी घेऊन बसले होते. मी चाप ओढला की ते फळी आपटणार. मी नायक. माझ्या आईला मारणाऱ्याचा सूड घ्यायला आलेला परदेशी. ताई खलनायक. एवढी खटपट सगळी तिची, नाटक तिनं लिहिलेलं, मग नायक मी कसा? मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला शेवटचं भाषण आहे. मला मरायला आहे. चलो, दोघींचं भलं."

त्या मरणाची तिनं आठवडाभर गच्चीवर तालीम केली. छातीवर हात, तीन गिरक्या, एक गुडघा, दुसरा गुडघा, मग आडवं. आई खालून ओरडायची, "शालू, किती वेळ मरून राहिली? पोळ्या कोण करन?"

नाटकाच्या दिवशी ती आणखी रंगली. बाबांनी फळी आपटली आणि ताईच्या तीनच्या पाच गिरक्या झाल्या. लोक टाळ्या देत होते, ती मरत होती. अखेर आडवी झाली. मी पुढे आले, पिस्तूल खाली केलं, खोल श्वास घेतला. माझं भाषण आठ ओळींचं होतं. आणि तेवढ्यात मंडपातल्या गणपतीपुढे घंटा वाजली. आठ वाजले होते. आठ म्हणजे आरती. नानांच्या राज्यात ती एक मिनिट इकडे-तिकडे होत नसे. सतरंज्यांवरचे सगळे उठून उभे राहिले. आणि ताईही उठली. हॅट काढली, हात जोडले, कपाळावर काळं पॉलिश, छातीवर लाल शाईचा डाग, आणि मोठ्यानं आरती म्हणू लागली. तिच्या मागे आधीच्या प्रवेशांत मेलेले आणखी दोघे जण उठून उभे राहिले. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या मंडळात आरतीला मेलेला माणूसही पडून राहत नाही, हे लोकांनी गृहीतच धरलं. हातात पिस्तूल घेऊन मी तेवढी मध्यभागी. भाषण घशात.

घरी जाताना मी तिच्याशी बोलत नव्हते. शेवटी न राहवून म्हटलं, "तू मेली होतीस ना?" ती म्हणाली, "मग? देवापुढं मरून पडू काय मी, वेडे?" बाबा हसले आणि मला आणखी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. आईनं चादरी वाळत टाकल्या होत्या. त्या चादरींच्या मधे, ओलसर गच्चीवर, कॉलेजला जायच्या चांगल्या सलवार-कमीजमध्ये ताई आडवी झाली. "घे. मेली मी. म्हण तुझं भाषण," म्हणून डोळे मिटले. मी आठही ओळी म्हटल्या. एकदा मधेच अडखळले तर मेलेल्या ताईनं ओठांच्या कोपऱ्यातून पुढचा शब्द सांगितला. भाषण संपल्यावरही ती उठली नाही. "झालं ना समाधान?" असं डोळे मिटूनच विचारलं. मग आम्ही चादरींच्या घड्या घातल्या. मागे सरायचं, झटका द्यायचा, पुढे यायचं, कोपरे द्यायचे. तिच्या पाठीला गच्चीचं हिरवं शेवाळ लागलं होतं आणि त्यावरून आईनं तिला बोल लावले. माझ्यासाठी कुणी इतकं पुन्हा केलेलं नाही.

त्या ताईशी मी अकरा वर्षं बोलले नाही.

कारण सांगते. लिहायला बसले तेव्हा हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्या सिनेमानं सगळं ढवळून काढलं आहे. ताई लग्न होऊन सिहोऱ्याला गेली. भाऊजी तिथे शाळेत शिक्षक. मी लग्न केलं नाही, आईबाबांजवळ राहिले. बाबा गेले, मग आईचं दुखणं आलं. फेब्रुवारीत आईचा दम वाढला. ती म्हणाली, "शालूला कळवू नको. हर्षदची परीक्षा आहे." हर्षद ताईचा मुलगा, बारावीला होता. मी कळवलं नाही. इथपर्यंत मी सगळ्यांना सांगितलेलं आहे.

जे सांगितलेलं नाही ते असं. शेवटच्या दिवशी सकाळी सहा वाजता शेजारच्या दुबे आंटी चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "शालू आली का?" मी म्हटलं, "येऊन राहिली." आईनं मान हलवली आणि वाट बघू लागली. फोन समोरच्या टेबलावर होता. सिहोऱ्याहून बस दीड तासात येते. मी फोन केला अकरा वाजता. आई बारा वाजता गेली. ताई साडेबाराला पोचली.

पाच तास मी काय करत होते? आईचा हात धरून बसले होते. आईचं सगळं मी केलं होतं, अंघोळ, पथ्य, रात्रीची उठबस, आणि शेवटी तिच्या तोंडात नाव आलं ते ताईचं. त्या पाच तासांत मला आई एकटीला हवी होती. हे एवढं साधं वाक्य मनातल्या मनात म्हणायलाही मला अकरा वर्षं लागली.

तेराव्याला माणसं बसलेली असताना ताई म्हणाली, "नीलूनं मला आईला भेटू दिलं नाही." मी म्हटलं, "आईनंच नको म्हटलं होतं." खोटं नव्हतं. ताईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढे काही येईल असं तिला वाटत असावं. आलं नाही. तिनं पिशवी उचलली आणि बस धरली. मग मी माझ्या मनाशी माझीच गोष्ट रचली. चारचौघांत मला बोलली, मी केलेल्या सेवेवर पाणी ओतलं, तेव्हा सूड माझा. आणि सूड म्हणजे काय, तर बोलायचं नाही. हत्यार फुकटचं आणि आवाजही होत नाही. भाऊजी निवृत्त होऊन ती दोघं मदन महालला राहायला आली, माझ्या घरापासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर, तरी मी चाप सोडला नाही. सिनेमात दोघं समोरासमोर उभे राहतात ते मिनिटभर. आम्ही उभ्या राहिलो त्यात माझे केस पांढरे झाले.

थेटरात मला कळलं ते हे, की इतकी वर्षं मी स्वतःला करडा कोट समजत होते. ज्याचं माणूस गेलं तो. पण या गोष्टीत करडा कोट ताई होती. चादरी धुणारा म्हातारा मी.

भाऊजी दरवर्षी न चुकता फोन करतात. त्यांच्याकडे महालक्ष्म्या असतात, म्हणजे पुण्याकडच्या लोकांच्या गौरी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांच्या दर्शनाला बोलावणं नसतं. ज्याला यायचं त्यानं यावं, दार उघडंच. भाऊजी दरवर्षी तेच बोलतात. "नीलू, बोलावत नसतात हे मला माहीत आहे. तरी सांगून राहिलो." मी दरवर्षी "बघते" म्हणते आणि बघत नाही. यंदा त्यापुढे म्हणाले, "पुढल्या वर्षी पुण्याला. हर्षद घेऊन चालला आम्हाला. दिवाळीच्या आधी घर खाली करतो." मी "अच्छा" म्हटलं. फोन ठेवल्यावर मी खिडकीच्या गजांजवळ बराच वेळ उभी होते, हातात चादर नसताना.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी मी ऑटोत बसले. दोनदा भैयाला "वापस ले लो" म्हणायचं तोंडावर आलं. दारात चपलांचा ढीग होता. आत धूप, केवडा, पुरणाचा वास, आणि दोघी देव्या शेजारी शेजारी उभ्या, भरजरी लुगड्यांत, मधे त्यांची बाळं. आरती सुरू व्हायची होती. ताई प्लास्टिकच्या खुर्चीत होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी गेले नव्हते. केस पातळ झाले होते आणि चेहरा आईचा झाला होता. तिनं मला पाहिलं. मी मागे, दाराजवळ उभी राहिले. कुणीतरी माझ्या हातात झांजा दिल्या.

भाऊजींनी नेहमीच्या बेसूर आवाजात आरती उचलली. सगळे म्हणत होते, "काकू, तुम्ही बसा, बसा." ताईनं खुर्चीचा हात धरला, एक गुडघा सरळ केला, मग दुसरा, आणि उभी राहिली. आरती संपेपर्यंत एका हातानं खुर्ची धरून उभी होती. मला झांजा वाजवता येईनात.

प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली. भाऊजी आणि हर्षद शेवटच्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. दिवाणखान्यात सतरंजीवर अंथरलेली मोठी पांढरी चादर होती, तिच्यावर अक्षता, दूर्वा, पेढ्याचे कण. हर्षदच्या बायकोला ताईनं हाक मारली, "बेटा, चादर उचलू या." ती स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात होती, तिला ऐकू गेलं नाही. ताई बसल्या जागेवरून वाकली आणि दोन कोपरे उचलले. तशीच धरून राहिली. माझ्याकडे बघत नव्हती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी दुसरं टोक उचललं.

झटकली. दूर्वा उडाल्या. ताईला उठता येत नव्हतं, त्यामुळे चालणं सगळं माझ्याकडे आलं. मी पुढे गेले, माझे कोपरे तिच्या हातात दिले, बोटं लागली, वाकून खालची घडी धरली आणि मागे आले. मागे आल्यावर बोलणं सोपं गेलं.

"ताई, आईनं सकाळी सहालाच तुझं नाव घेतलं होतं. शालू आली का म्हणून विचारलं. मी येऊन राहिली म्हटलं, आणि तुला फोन अकराला केला."

चादर आमच्या मधे ताणलेली होती. तिच्या टोकाकडून ती जराही हलली नाही.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "दुबे आंटीनं त्याच दिवशी सांगितलं मला."

"मग इतकी वर्षं बोलली काहून नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. अर्धं तू तेराव्याला सांगितलंच होतं. बाकीच्या अर्ध्यासाठी थांबून राहिली."

"मला आई एकटीला पाहिजे होती," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग हातातले कोपरे जुळवत, "मलाही पाहिजे होती ना, नीलू."

मला तिनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. काही गोष्टींना माफी पुरत नाही, त्या नुसत्या दोघींनी धराव्या लागतात. तिनं चादरीला हलका हिसका दिला. "धर नीट. तिरपी चालली," म्हणाली. मी पुढे गेले.

निघताना तिनं माझ्या हातात पुरणपोळीचा डबा दिला आणि म्हणाली, "पुण्याला सगळ्या चादरी न्यायच्या आहेत. धुऊन ठेवते. रविवारी घड्या घालायला ये. सुनेला जमत नाही, झटकाच देत नाही ती."

रविवारी मी गेले. ऊन होतं, भादव्याच्या मानानं बरं. त्यांच्या मागल्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर चादरीच चादरी. ताई खुर्चीत, मी चालती. सकाळी बसलो त्या दोन वाजेपर्यंत. नानांचं बोलणं निघालं, बाबांची फळी निघाली, बोलता बोलता तिनं माझ्या भाषणाच्या आठही ओळी म्हणून दाखवल्या. मला त्यातल्या तीनच आठवत होत्या. घड्यांची चळत खुर्चीच्या हातापेक्षा उंच गेली. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात इतक्या चादरी कशाला, असं मला मधेच वाटलं, पण मी विचारलं नाही. शेवटच्या सहा-सात हातात घेतल्या तेव्हा कळलं. त्या कोऱ्या होत्या. एकीच्या कोपऱ्याला दुकानाच्या चिठ्ठीचा भिजून वाळलेला तुकडा चिकटून होता. दुकानातली घडी मोडून तिनं त्या मुद्दाम धुऊन टाकल्या होत्या.